हैतीची क्रांती अभ्यासायची तर: कागद कोणाचा, कधीचा, कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: हैतीतल्या गुलामांच्या क्रांतीवर मराठीत दीर्घ लेख लिहायचा आहे, फ्रेंच येत नाही. जिथे पाहावं तिथे आकडे वेगळे, तारखा वेगळ्या, उठावाचा म्होरक्या बुकमन याच्या भाषणाचे पाठ वेगळे. विश्वास कशावर ठेवायचा आणि सुरुवात कुठून करायची?

या विषयात कागदांचा दुष्काळ नाही. ‘हैतीचा इतिहास कोणी लिहूनच ठेवला नाही’ हे वाक्य सर्रास वाचायला मिळतं, ते आधी डोक्यातून काढा. सँ-दोमँग म्हणजे हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा. १६९७च्या रिस्विकच्या तहापासून तो फ्रान्सकडे होता, १८०४ साली त्याचा हैती झाला. ही वसाहत नोंदींच्या बाबतीत काटेकोर होती. १७७६च्या राजाज्ञेनंतर नोटरीचे दस्त आणि चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी यांच्या नकला फ्रान्सला जाऊ लागल्या. त्या आज एक्स-आँ-प्रोव्हान्स इथल्या सागरपार अभिलेखागारात आहेत आणि चर्चच्या वह्या घरबसल्या पाहता येतात. अडचण वेगळीच आहे. हे जवळपास सगळं मालकांनी, त्यांच्या कारकुनांनी किंवा त्यांच्याशी भांडणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी लिहिलेलं आहे. म्हणून प्रत्येक विधानापुढे तीन प्रश्न ठेवायचे: कागद कोणाचा, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलेला, आणि लिहिणाऱ्याला त्यातून काय साधायचं होतं. निम्मा गोंधळ तेवढ्यानेच निवळतो.

लोकसंख्येपासून सुरू करू. सगळीकडे दिसणारे आकडे बहुतेक मोरो द सँ-मेरी याच्या ग्रंथातून आलेले आहेत: १७८९ च्या सुमारास ४०,००० गोरे, २८,००० मुक्त कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय, आणि ४,५२,००० गुलाम. मळे सांगतो ते असे: साखरेचे ७९३, कॉफीचे ३,११७, निळीचे ३,१५०, कापसाचे ७८९. मोरो हा वसाहतीतला वकील, गुलामांच्या व्यापाराचा समर्थक, आणि हा ग्रंथ त्याने निर्वासित म्हणून फिलाडेल्फियात १७९७-९८ साली छापला. त्याची मोजदाद मोलाची आहे, पण तिचा पाया करवसुलीच्या याद्यांचा. कर डोईमागे असल्यामुळे मालक डोकी लपवत, विशेषतः लहान मुलं आणि म्हातारे. म्हणून आजचे अभ्यासक ‘साडेचार ते पाच लाख’ असं म्हणतात आणि तुम्हीही तसंच लिहा. ‘नेमके ४,५२,०००’ लिहिणं म्हणजे मालकाच्या कबुलीजबाबावर सही करणं.

त्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवला की या वसाहतीचं खरं रूप दिसतं. अटलांटिक गुलाम-व्यापाराच्या जहाजफेऱ्यांच्या नोंदींवरून सँ-दोमँगला उतरवलेल्या आफ्रिकन माणसांची संख्या सात लाखांच्या वर जाते. १७९० या एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त माणसं आणली गेली. एवढी आणूनही हयात पाच लाख. पहिल्या दोन-चार वर्षांतले ताप, साखरेच्या हंगामातलं रात्रंदिवस चालणारं घाण्याचं आणि कढईचं काम, आणि नवजात अर्भकांचा धनुर्वात (वसाहतीत त्याला ‘जबड्याचं दुखणं’ म्हणत) यांनी बाकीची गेली. यातून निघणारी गोष्ट लेखात जरूर आणा: क्रांती झाली तेव्हा निम्म्याहून जास्त गुलाम आफ्रिकेत जन्मलेले होते. त्यातला सर्वांत मोठा गट ‘काँगो’ म्हणून नोंदलेला, म्हणजे पश्चिम-मध्य आफ्रिकेचा बराच मोठा पट्टा. तिथे त्या काळात यादवी युद्धं चालू होती. पकडून विकले गेलेले पुष्कळ जण शिकलेले सैनिक होते, हा मुद्दा जॉन थॉर्नटन या इतिहासकाराने १९९० च्या दशकात पुढे आणला. ‘अडाणी शेतमजुरांनी फ्रेंच फौज कशी हरवली?’ या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

आता कायदा. १६८५च्या ‘काळ्या संहिते’तली, म्हणजे फ्रेंच वसाहतींतल्या गुलामगिरीच्या कायद्यातली, कलमं उद्धृत करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. कलम २२ मध्ये शिधा आहे: दहा वर्षांवरच्या गुलामाला आठवड्याला अडीच पॉट (जुनं फ्रेंच माप) कसावाचं पीठ किंवा अडीच-अडीच पौंडांच्या तीन कसावा-भाकऱ्या, सोबत दोन पौंड खारवलेलं गोमांस किंवा तीन पौंड मासे. कलम ३८ मध्ये शिक्षा आहे: महिनाभर पळून राहिला तर कान कापून एका खांद्यावर डाग, दुसऱ्यांदा पायाची शीर तोडून दुसऱ्या खांद्यावर डाग, तिसऱ्यांदा मृत्युदंड. लेखात चूक होते ती अशी की पहिलं कलम वाचून कोणी ‘तसं काही फार वाईट नव्हतं’ म्हणतं आणि दुसरं वाचून कोणी ‘असंच सगळीकडे होत असे’ म्हणतं. शिधा बहुतेक मळ्यांवर मिळतच नसे. त्याऐवजी तुकडाभर जमीन आणि आठवड्याचा थोडा वेळ देऊन मालक मोकळे होत, आणि कलम २४ ने नेमकी हीच पळवाट बंद केली होती. उलट शिक्षा कायद्याच्या कितीतरी पुढे जात.

कायदा आणि व्यवहार यांतलं अंतर दाखवायला एकच प्रकरण पुरेसं आहे, १७८८चं लजन प्रकरण. उत्तर प्रांतातल्या प्लेझाँस इथला कॉफीचा मळेवाला निकोला लजन याने विषप्रयोगाच्या संशयावरून गुलाम मारले आणि दोन बायकांचे पाय जाळून त्यांचा छळ केला. त्याच्याच मळ्यावरचे चौदा गुलाम काप-फ्रान्से या शहरात जाऊन फिर्याद करून आले. चौकशीला आलेल्यांना त्या बायका साखळदंडात, जळालेल्या पायांनी, जिवंत सापडल्या. पुढे दोघीही मेल्या. विषाची म्हणून पुढे केलेली डबी उघडली तर आत ओढायची तंबाखू आणि उंदराच्या लेंड्या. पुरावा एवढा असूनही न्यायालयाने लजनला सोडलं, कारण आजूबाजूचे सगळे मळेवाले त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि ‘गुलामाच्या शब्दावर मालकाला शिक्षा झाली तर वसाहत बुडेल’ म्हणाले. गव्हर्नर आणि इंटेंडंट (मुलकी कारभार पाहणारा अधिकारी) यांनी हे सगळं वर कळवलं म्हणून आपल्याला माहीत आहे. कागद शिल्लक राहिला तो अधिकारी आणि मळेवाले यांच्या वितुष्टामुळे.

गुलामांच्या सर्वांत जवळ जाणारा कागद म्हणजे पळालेल्यांच्या जाहिराती. १७६६ पासून निघणाऱ्या ‘आफिश अमेरिकेन’ या साप्ताहिकात त्या येत. त्या तीन प्रकारच्या: मालकाने दिलेली ‘पळाला आहे’, तुरुंगाने दिलेली ‘पकडून आणला आहे’, आणि कोणी दावा न सांगितलेल्या माणसांची, ज्यांना पुढे सरकारजमा करून विकत. एका जाहिरातीत नाव, वंशगट, छातीवर डागलेली अक्षरं, वय, उंची, अंगावरच्या खुणा, येणारं काम आणि भाषा इतकं सापडतं. विक्री झाली की नवा मालक जुन्या डागाशेजारी आपला डाग देई, म्हणून ‘डाग वाचता येत नाही’ हे शब्द वारंवार दिसतात. नुकताच जहाजातून उतरलेला असेल तर ‘स्वतःचं किंवा मालकाचं नाव सांगू शकला नाही’ अशी नोंद. कॅनडातल्या शेरब्रूक विद्यापीठाच्या संशोधकांनी या जाहिरातींचा शोधता येणारा संग्रह जाळ्यावर मोफत ठेवला आहे, तो जरूर चाळा.

वापरताना दोन-तीन गोष्टींची खबरदारी घ्या. जाहिरातींची संख्या म्हणजे पळालेल्यांची संख्या नव्हे. तीच जाहिरात दोन-तीन अंकांत येते, तोच माणूस आधी मालकाच्या आणि मग तुरुंगाच्या यादीत दिसतो, म्हणून नाव, डाग आणि तारीख जुळवून दुबार नोंदी काढाव्या लागतात. दोन-चार दिवसांसाठी पळालेल्याची जाहिरात कोणी देत नसे. कारागीर, स्वयंपाकी, गाडीवान अशा महागड्या माणसांची हमखास देत. आणि उंची फ्रेंच ‘पिए’मध्ये असते, जो ३२.४८ सेंटिमीटरचा. ‘५ पिए २ पूस’ (पूस म्हणजे पिएचा बारावा भाग) म्हणजे जवळपास १६८ सेंटिमीटर. इंग्रजी फूट धरलात तर माणूस दहा सेंटिमीटरने बुटका होतो. पैशाचंही तसंच: वसाहतीचे ३ लिव्र (तेव्हाचं चलन) म्हणजे फ्रान्सचे २. मळ्याच्या यादीत गुलामाची किंमत १,५०० दिसली आणि ती पॅरिसच्या भावांशी ताडायची असेल तर आधी १,००० करा. जमिनीचा ‘कारो’ सुमारे १.२९ हेक्टरचा.

बुकमन आणि बुआ काइमाँ (उठावाआधी जिथे विधी झाला असं सांगतात ती रानातली जागा). इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त मीठमसाला इथेच लागला आहे.

उठाव १७९१ च्या २२ ऑगस्टच्या रात्री उत्तरेच्या मैदानात पेटला, यात वाद नाही. त्याआधी, १४ ऑगस्टच्या रविवारी, मोर्न-रूज भागातल्या लनॉर्माँ द मेझी यांच्या मळ्यावर आसपासच्या मळ्यांतल्या निवडक गुलामांची बैठक झाली, यालाही चांगला आधार आहे. जमलेले बहुतेक मुकादम, गाडीवान असे वजनदार लोक होते. राजाने आठवड्याला तीन दिवस मोकळे दिले आहेत पण मालक ते दडवतात, असा कागद तिथे वाचून दाखवला गेला. ठरल्याआधीच काही जणांनी एका मळ्याला आग लावली, ते पकडले गेले आणि चौकशीत हे बाहेर आलं.

रानातला विधी ही वेगळी घटना. तिचा पहिला लेखी उल्लेख अँत्वान दाल्मास या डॉक्टरचा. तो गालिफे मळ्यांवर नोकरीला होता. अमेरिकेत पळून गेल्यावर १७९३-९४ मध्ये त्याने लिहिलं आणि छापून आलं १८१४ मध्ये. त्याच्याकडे काळं डुक्कर आहे, बळी आहे, ताईत म्हणून घेतलेले डुकराचे केस आहेत. वादळ नाही, भाषण नाही. वादळ १८१९ मध्ये सिव्हिक द गास्तीन या फ्रेंच लेखकाकडे येतं. भाषण येतं १८२४ मध्ये, एरार द्युमेल या हैतीयन लेखकाच्या प्रवासवर्णनात, तेही पद्यरूपात. तेच बुकमनच्या तोंडी पक्कं झालं, आणि इंग्रजी वाचकांपर्यंत पोचलं ते त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांच्या १९३८च्या ग्रंथामुळे. विधी करणाऱ्या स्त्रीचं सेसील फातिमान हे नाव तर एत्येन शार्लिये यांनी १९५४ मध्ये, कुटुंबातल्या आठवणींच्या आधारे दिलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लेओं-फ्रान्स्वा हॉफमन यांनी हा सगळा प्रसंग दाल्मासने रचलेला आहे असं म्हटलं, आणि हैतीत त्यावरून गदारोळ झाला. इतिहासकार डेव्हिड गेगस यांनी सगळे कागद पुन्हा तपासले. त्यांचा निष्कर्ष: विधी झाला असावा, बहुधा २१ ऑगस्टच्या सुमारास, पण बैठक आणि विधी एकच नव्हेत.

म्हणजे लिहायचं कसं? ‘१४ ऑगस्टच्या वादळी रात्री बुकमनने भाषण केलं’ या एका वाक्यात तीन चुका आहेत. ‘१४ ऑगस्टला बैठक झाली, आठवड्याभरात एक विधीही झाला असं सर्वांत जुनं वर्णन सांगतं, आज प्रसिद्ध असलेलं भाषण १८२४ सालच्या काव्यातलं आहे’, असं लिहिलंत तर कुणी बोट ठेवू शकणार नाही. आणि यात हैतीचा काही अपमान नाही. ३३ वर्षांनी एका हैतीयन कवीला ते शब्द सुचले, तेव्हा लोक आपल्या क्रांतीकडे कसं पाहत होते याचा तो अस्सल पुरावा आहेच.

हीच चाळणी उलट बाजूलाही लावा. ‘दोन हजार गोरे मारले गेले, साखरेचे १८० मळे आणि कॉफी-कापूस-निळीचे सुमारे ९०० जळाले’ हे आकडे ब्रायन एडवर्ड्सचे. हा जमैकाचा मळेवाला, सप्टेंबर १७९१ मध्ये काप-फ्रान्सेला येऊन गेला, तिथल्या मळेवाल्यांशी बोलला. दहा हजारांवर बंडखोर मेले हेही त्यानेच लिहिलं आहे, पण ते वाक्य फार कमी जण पुढे नेतात. बंडखोरांनी भाल्यावर गोरं मूल टोचून निशाण केलं ही गोष्ट वसाहतीच्या प्रतिनिधींनी पॅरिसच्या विधिमंडळापुढे केलेल्या भाषणात आहे, जे भाषण फौज मागण्यासाठी होतं. ऐकीव म्हणून सांगायची असेल तर सांगा, घडलेली म्हणून नको. माकंदाल (विषप्रयोगाच्या आरोपावरून १७५८ साली जाळलेला, पळालेला गुलाम) आणि त्याने विषाने मारलेली हजारो माणसं हेही त्याच जातीचं. जॉन गॅरिगस यांनी अलीकडे दाखवलं आहे की त्यातले बरेच मृत्यू युद्धकाळातल्या टंचाईत पसरलेल्या अँथ्रॅक्सचे असावेत. विषाचे कबुलीजबाब छळ करून घेतलेले होते.

क्रांतीचा सर्वांत प्रसिद्ध सेनानी तूसाँ लुव्हर्तूर याच्याबद्दल जुन्या पुस्तकांत ‘१७९१ पर्यंत गुलाम’ असं सापडेल. ते १९७७ मध्ये कायमचं मोडलं. देबियें, फूशार आणि मेनिये या तिघांनी नोटरीचे दस्त आणि चर्चच्या नोंदी यांतून दाखवलं की १७७६ मध्येच तो मुक्त माणूस म्हणून नोंदलेला आहे, आणि १७७९ मध्ये त्याने जावयाकडून कॉफीचा मळा तेरा गुलामांसह भाड्याने घेतला होता. काहींना हे पचत नाही, काही जण ‘म्हणजे तोही तसलाच’ म्हणून हात झटकतात. दोन्ही उथळ. मुक्त झालेल्या माणसाला त्या समाजात वर जायचा रस्ता तोच एक होता, आणि हाच माणूस पुढे १८०१च्या राज्यघटनेचं तिसरं कलम करतो: या भूमीवर गुलाम असू शकत नाहीत. त्या तेरांत एक ‘जाँ-जाक’ आहे आणि तो म्हणजे पुढे स्वतंत्र हैतीचा पहिला राज्यकर्ता झालेला सेनानी देसालीनच, असा तर्क काही संशोधक कुटुंबसंबंधांच्या आधारे करतात. शक्यता चांगली आहे, पण जाँ-जाक हे नाव वसाहतीत पैशाला पासरी. तर्क म्हणूनच लिहा.

गुलामी कधी संपली? या एका प्रश्नाची चार-पाच उत्तरं बरोबर आहेत, ती कुठल्या भागाबद्दल बोलतोय त्यावर. उत्तर प्रांतात फ्रान्सचा आयुक्त साँतोनाक्स याचा जाहीरनामा २९ ऑगस्ट १७९३. पश्चिम आणि दक्षिणेत पुढच्या काही आठवड्यांत. पॅरिसच्या कन्व्हेन्शनचा (तेव्हाच्या विधिमंडळाचा) ठराव फ्रेंच क्रांतीच्या नव्या दिनदर्शिकेप्रमाणे १६ प्ल्युव्हियोज, वर्ष २, म्हणजे ४ फेब्रुवारी १७९४. मात्र सप्टेंबर १७९३ मध्ये जेरेमीला उतरलेल्या ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पट्ट्यांत गुलामी १७९८ पर्यंत चालूच होती. मार्तिनिक ब्रिटिशांनी घेतल्यामुळे तिथे ठराव पोचलाच नाही. २० मे १८०२चा नेपोलियनच्या काळातला कायदा, काटेकोर बोलायचं तर, अशा न पोचलेल्या वसाहतींत गुलामी ‘चालू ठेवतो’. ग्वादलूपमध्ये ती त्या उन्हाळ्यात पुन्हा लादली गेली. ती बातमी सँ-दोमँगला आली आणि जे सेनानी तोवर फ्रेंचांकडे होते तेही फिरले. ‘१७९४ मध्ये फ्रान्सने गुलामी रद्द केली आणि १८०२ मध्ये परत आणली’ हे शाळकरी वाक्य यातलं काहीच सांगत नाही. म्हणून वहीत तीन रकाने आखा: पॅरिस, बेटाचे तीन प्रांत, आणि स्पेन-ब्रिटन. प्रत्येक घटना तारखेनिशी योग्य रकान्यात टाका. त्या दिनदर्शिकेचं वर्ष १ सुरू होतं २२ सप्टेंबर १७९२ ला. प्रजासत्ताक दिनदर्शिकेची तारीख बदलताना वर्ष एकने चुकणं ही रोजची चूक आहे, कारण ‘वर्ष १०’ सप्टेंबर १८०१ पासून पुढे जातं.

आपल्याकडे हा विषय निघाला की फुल्यांची १८७३ मधली ‘गुलामगिरी’ आणि तिची अमेरिकेतल्या लोकांना केलेली अर्पणपत्रिका आठवते, त्यामुळे मुक्ती म्हणजे लिंकन हे समीकरण घट्ट बसलंय. त्याच अमेरिकेने हैतीला मान्यता द्यायला १८६२ उजाडलं.

‘फ्रेंचांना पिवळ्या तापाने हरवलं’ याबद्दल दोन शब्द. ताप खराच. १८०२ मध्ये नेपोलियनने पाठवलेल्या फौजेचा सेनापती लक्लेर खुद्द त्यातच २ नोव्हेंबर १८०२ ला गेला. पण तूसाँने ८ फेब्रुवारी १८०२ ला देसालीनला पाठवलेल्या पत्रात स्पष्ट आहे की पावसाळा शत्रूला संपवेल, तोवर आपली शस्त्रं म्हणजे आग आणि विध्वंस. पावसाळ्याचा हिशेब आधीच मांडलेला होता. दुसऱ्या बाजूचं पत्र वाचायचं तर लक्लेरचं ७ ऑक्टोबर १८०२चं, नेपोलियनला. डोंगरातले सगळे काळे, बायका-पुरुष, संपवायचे, फक्त बारा वर्षांखालची मुलं राखायची, मैदानातले निम्मे मारायचे, असा सल्ला त्यात आहे. १८०४ मध्ये देसालीनने उरलेल्या फ्रेंचांची कत्तल केली. तिच्यावर लिहाल तेव्हा हे पत्र शेजारी हवं. कत्तल झाकायची नाही, आणि ती आभाळातून पडली असंही दाखवायचं नाही.

१ जानेवारी १८०४ ला गोनाईव्ह इथे वाचलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सरकारी छापील प्रत कित्येक वर्षं कुणाला मिळत नव्हती. जुलिया गॅफील्ड या तेव्हा पीएच.डी. करणाऱ्या संशोधिकेला ती २०१० मध्ये लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली, आठ पानांची पुस्तिका. जमैकाच्या गव्हर्नरच्या पत्रव्यवहारात ती टाचलेली होती. पुढच्या वर्षी तिथेच मोठ्या पत्रकाच्या रूपात दुसरी प्रत मिळाली. हैतीचा कागद शोधायचा तर शेजाऱ्याचं दप्तर उघडावं लागतं. लक्लेरनंतरचा फ्रेंच सेनापती रोशाँबो याचे कागद आणि जेरेमीच्या नोटरीचे दस्त फ्लोरिडा विद्यापीठात आहेत, आणि कॅरिबियनच्या डिजिटल ग्रंथालयात हैतीयन वृत्तपत्रं मोफत वाचता येतात.

इतिहासकार वाचताना हैतीयन आधी घ्या. बहुतेक लोक इंग्रजी पुस्तकांपासून सुरू करून तिथेच थांबतात. बारों द व्हास्ती हा उत्तर हैतीचा राजा क्रिस्तोफ याचा सचिव. १८१४ मध्ये त्याने मालकांची नावं घेऊन अत्याचार छापले, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. तोमा मादियू याने १८४७-४८ मध्ये पहिले खंड काढले, क्रांती पाहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारून. बोब्रें आर्दुआँचे ११ खंड १८५३ ते १८६० मध्ये आले. कागद भरपूर, पण आधीपासून मुक्त असलेल्या मिश्रवंशीय वर्गाकडे त्यांचा ओढा उघड आहे आणि देसालीन त्यांना फारसा रुचत नाही. मादियू आणि आर्दुआँ समोरासमोर ठेवून वाचले की कुठली गोष्ट कोणाच्या सोयीची ते कळतं. जेम्स अजूनही वाचावेत, लेखणी जबरदस्त आहे. मात्र तूसाँवर इतका प्रकाश पडतो की मळ्यावरची माणसं अंधारात जातात. ती उणीव कॅरोलिन फिक यांनी १९९० मध्ये दक्षिण प्रांतातल्या साध्या गुलामांवर लिहून भरून काढली. मिशेल-रॉल्फ त्रुयो यांचं १९९५चं इतिहासातल्या मौनावरचं पुस्तक तुम्हाला सगळीकडे उद्धृत दिसेल. ते थोर आहेच, पण त्याची री ओढून ‘जगाने हैतीबद्दल चकार शब्द काढला नाही’ लिहू नका. मार्लीन डॉट यांनी दाखवलंय की एकोणिसाव्या शतकात हैतीवर अफाट छापलं गेलं. कोणाचं छापलेलं ज्ञान म्हणून धरलं गेलं, हा खरा प्रश्न. त्याच त्रुयोंनी १९७७ मध्ये क्रियोल भाषेत क्रांतीचा इतिहास लिहिला होता, त्याची आठवण फार कमी जण ठेवतात.

आणखी एक धागा मराठी लेखात हमखास सुटेल: मुक्तीनंतर मळ्यांचं काय? साँतोनाक्सपासून तूसाँ, क्रिस्तोफ, राष्ट्राध्यक्ष बॉये (१८२६ची ग्रामसंहिता) सगळ्या राज्यकर्त्यांना निर्यातीचं पीक हवं होतं, म्हणून मळा सोडून जायला बंदी, ठरलेले तास, बदल्यात उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा. चाबूक गेला, मुकादम राहिला. लोकांना हवी होती स्वतःची जमीन, कंद, केळी, शेजारी बाजार. डोंगरात जाऊन त्यांनी ती मिळवली आणि साखर कोसळली. व्यापारी आकडेवारीत हा ऱ्हास दिसतो. जाँ काझिमीर यांच्या मते हीच सामान्य हैतीयनाची जिंकलेली लढाई. मला काझिमीर पटतात, पण सैन्य आणि बंदरं ज्यांच्या हातात होती त्यांनी याच शेतकऱ्याच्या कॉफीवर कर बसवून राज्य चालवलं, तेही लिहायला हवं.

फ्रेंच येत नसेल तर दुब्वा आणि गॅरिगस यांनी इंग्रजीत संपादित केलेल्या दस्तऐवजांच्या संग्रहापासून सुरुवात करा, मग लोराँ दुब्वा यांचा २००४चा सलग इतिहास, मग गेगस. मूळ फ्रेंच यंत्राने भाषांतरित करताना काही शब्द हाताने तपासा. ‘आबितासियों’चं यंत्र ‘निवासस्थान’ करतं, तो मळा असतो. ‘क्रेओल’ म्हणजे वसाहतीत जन्मलेला, मग तो गोरा असो वा गुलाम. ‘४ एप्रिलचे नागरिक’ म्हणजे १७९२च्या ठरावाने समान हक्क मिळालेले मुक्त कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय. आणि १७९३ नंतरचा ‘कल्तिव्हातर’ हा शेतकरी नसून मळ्याला बांधलेला कालचा गुलाम.

शेवटी भरपाई, म्हणजे स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या बदल्यात फ्रान्सने जुन्या मालकांसाठी हैतीकडून घेतलेली रक्कम, कारण वाचक तेच विचारणार. फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याच्या १७ एप्रिल १८२५च्या फर्मानाने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, पाच हप्त्यांत. शिवाय फ्रेंच जहाजांना निम्मी जकात. फर्मानात ‘हैती’ हा शब्दच नाही, ‘सँ-दोमँगच्या फ्रेंच भागाचे रहिवासी’ असं आहे. पहिल्या ३ कोटींच्या हप्त्यासाठी पॅरिसमध्ये ३ कोटींचं कर्ज काढावं लागलं आणि हातात आले २.४ कोटी. १८३८ मध्ये उरलेली रक्कम ६ कोटींवर आली, म्हणून एकूण ९ कोटी. ‘हैतीने १५ कोटी भरले’ हे म्हणून चूक. भरपाई आणि तिच्यापायी काढलेली कर्जं धरून प्रत्यक्ष गेलेली रक्कम सुमारे ११.२ कोटी फ्रँक, आजचे ५६ कोटी डॉलर, असा हिशेब न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये मांडला. राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांनी २००३ मध्ये मागितलेले २१ अब्जांहून अधिक डॉलर हे व्याजासह काढलेले. दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत; कुठला वापरताय ते वाक्यातच सांगा. मालकांना १७८९च्या मालमत्तेच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम मंजूर झाली. त्यांची नावानिशी यादी १८२८ ते १८३४ दरम्यान सहा खंडांत छापली गेली, आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राने २०२१ पासून अशा भरपायांचा शोधता येणारा संग्रह जाळ्यावर ठेवला आहे. एका मळ्याचं नाव घ्या, मोरोमध्ये त्याची जागा पाहा, जाहिरातींत तिथून पळालेली माणसं शोधा, आणि मग याच यादीत त्या मळ्याच्या वारसांना किती मिळाले ते काढा. एवढ्याने लेखाचा एक भक्कम भाग उभा राहील, आणि त्याला यादी वाचण्यापुरतं फ्रेंच पुरतं.